दोन तांबे पाणी

सर्व संबंधितांस, असंबंधितांस आणि विशेषतः आमच्या दोन्ही अपत्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, सिडनीतील टूनगॅबी येथील राहत्या घराच्या मागील अंगणातल्या पाण्याच्या होजमध्ये आज पहाटे बर्फ झाला आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये. गृहप्रमुख परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहेत.

हे निवेदन मी आज सकाळी पायजमा, स्वेटर आणि कानटोपी अशा संपूर्ण गणवेशात, मागच्या दारात उभं राहून, होजचं ताठ झालेलं टोक राजदंडासारखं हातात धरून केलं. मुलाने टोकातून आत डोकावून पाहिलं, "कूल" म्हणाला आणि टोस्टकडे वळला. मुलगी म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट अ होज." आणि केतकी, म्हणजे माझी बायको, चहात आलं किसता किसता आतूनच म्हणाली, "बोलू दे गं त्याला. वर्षातून एकदाच चढतं त्याच्या अंगात."

चढतंच. नाकारत नाही. गवतावर पांढरी भुकटी पडली, गाडीची काच खरवडायला जुनं कार्ड शोधावं लागलं, तोंडातून वाफ निघाली, की मला कुणालातरी सांगायचंच असतं की मी एकेकाळी नुसत्या फुंकरीने एक अख्खं घर वाचवलं आहे. ऐकणारे बदलतात. सगळ्यांना वाटतं मी वाढवून सांगतो. वाढवून सांगतोच, पण फुंकर खरी आहे.

तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. निदान कागदोपत्री. ती वर्षंच तशी होती. प्रत्येक विमानातून प्रेशर कुकर कवटाळलेली पाच-पन्नास पोरं उतरत. पेंडल हिल स्टेशनजवळच्या देशी दुकानाच्या काचेवर 'रूम हवी', 'रूम आहे', 'व्हेज मुलगा पाहिजे', 'मुलगी पाहिजे, फक्त रूमसाठी' अशा चिठ्ठ्या इतक्या दाटीने चिकटवलेल्या असत की आत डाळ आहे की तांदूळ, हे बाहेरून दिसायचं नाही. त्या काळी इथे कायम राहण्याच्या व्हिसाचा रस्ता स्वयंपाकघरातून जातो अशी सर्वांची श्रद्धा होती. त्यामुळे आमचा पराग, डोंबिवलीचा मेकॅनिकल इंजिनिअर, इथे कुकरी शिकत होता आणि आईला फोनवर 'फूड टेक्नॉलॉजी' म्हणून सांगत होता. मी अकाउंटिंग शिकायचो आणि वीकेंडला सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा करायचो. केतकी नर्सिंग करत होती, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात तिच्या ड्यूट्या असायच्या. तिची-माझी ओळख तेव्हा एवढीच होती की फ्रीजचा मधला कप्पा तिचा होता आणि त्यातलं दही मी खातो असा तिला संशय होता. संशय खरा होता.

घर होतं जोनचं, टूनगॅबीतच. जोन सत्तरीची, काटक, मेपर्यंत, म्हणजे इथली थंडी सुरू होईपर्यंत, हाफ पँटमध्ये वावरणारी बाई. नवरा रॉन गेल्यावर पुढचं घर तिने आम्हांला भाड्याने दिलं आणि स्वतः मागच्या एका खोलीत राहायला गेली. आमच्या फोडणीचा वास आला की खिडकीतून ओरडायची, "पॅझ, आज काय जाळतोयस?" पॅझ म्हणजे पराग. मी विन. केतकीची तिने पहिल्याच दिवशी कॅट करून टाकली होती.

एका संध्याकाळी ती चहाचा मग घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसली आणि तिने विचारलं, "तुम्हा पोरांपैकी कुणाला पाण्याचं काही कळतं का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाण्याचं? मी धायरीत टँकरमागे पळत लहानाचा मोठा झालो. पराग डोंबिवलीत पहाटे पावणेपाचला उठून पिंपं भरत बारावी झाला. केतकीने ठाण्यात चौथ्या मजल्यावर इतक्या बादल्या चढवल्या होत्या की तिच्याशी पंजा लढवायला आम्ही दोघंही धजत नव्हतो.

"जोन," पराग छातीवर हात ठेवून म्हणाला, "आम्हांला दुसरं काही कळतच नाही."

एवढा मोठा गर्व एवढ्या लवकर उतरलेला मी पुन्हा पाहिला नाही. पण ते पुढे.

जोनचं एक सुट्टीचं घर होतं. सिडनीपासून सहा तासांवर, एडमिनबीच्या पलीकडे, बर्फाच्या डोंगरांखालच्या तळ्याच्या काठी. लाकडी, बुटक्या खांबांवर उभं, रॉनने निम्मं स्वतःच्या हातांनी बांधलेलं. उन्हाळ्यात तिथे ट्राउट मासे पकडायला जायचं आणि थंडीत घर बंद. पण बंद म्हणजे नुसतं कुलूप घालून नव्हे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली आठ-नऊपर्यंत जातो. नळीत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, नळी चिरते. ती चीर सगळा हिवाळा गप्प बसते. वसंतात तुम्ही आनंदाने पंप सुरू करता आणि मग ती बोलते. म्हणून निघण्यापूर्वी घरातला थेंब न् थेंब काढून टाकावा लागतो.

रॉन असताना ते रॉन करायचा. तो गेल्यावर पहिल्या वर्षी जोनने एकटीने केलं, त्याच्याच हातची यादी समोर धरून, एकेक कलम वाचत. तरीही ऑक्टोबरमध्ये जाऊन पंप लावला तर कपडे धुण्याच्या खोलीतला भिंतीतला सांधा फुटलेला. पाणी हॉलभर. फळ्या पापडासारख्या फुगल्या. प्लंबरने सांधा बदलून दिला, पण जोनची मुलगी शेरन त्या फळ्या पाहून गेली. शेरन म्हणजे एका शाळेची मुख्याध्यापिका. तिने आईला शाळेतल्यासारखं समोर उभं केलं आणि सांगितलं, "मम, आणखी एकदा. फक्त आणखी एकदा नळी फुटली तर हे घर विकायचं. तू एकटीने सहा तास गाडी चालवत तिथे जायचं नाहीस."

जोनने कबूल केलं. "मी शब्द दिलाय," ती मगाकडे बघत म्हणाली. शब्द पाळणारी बाई होती, पंचाईत तीच होती.

तर थंडीच्या तोंडावर, मेच्या शेवटच्या आठवड्यात, जोनच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून आम्ही चौघं निघालो. कॅनबेरा मागे पडल्यावर झाडं उंचीला कमी होत गेली आणि आकाश वाढत गेलं. टेकड्यांवरचं गवत वाळून चांदीच्या रंगाचं झालेलं. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. जोनने चटणी बोटाने चाटली, डोळे पुसले आणि "अजून दे" म्हणाली. मला तोपर्यंत ऑस्ट्रेलिया म्हणजे ट्रेन, ट्रॉल्या आणि सुपरवायझर एवढंच माहीत होतं. तळं दिसलं तेव्हा पराग एकदम गप्प झाला. पराग गप्प होणं ही सूर्यग्रहणाइतकी दुर्मीळ घटना असल्याने मी आणि केतकी तळ्याऐवजी त्याच्याकडेच बघत राहिलो.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात. रॉनची यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, पेन्सिलीने लिहिलेली, नऊ कलमी. जोन वाचणार, आम्ही करणार. एक, पंप बंद. दोन, पावसाच्या टाकीची घराकडची चावी बंद. तीन, घरातले सगळे नळ उघडे. चार, घराबाहेरच्या कोपऱ्यातलं सगळ्यात खालचं बूच काढा. ते परागने काढलं आणि पाणी त्याच्या बुटांवरून धावत सुटलं. पाच, गरम पाण्याचं पिंप रिकामं. सहा, संडासची टाकी ओढून उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. हे अर्थातच माझ्या वाट्याला आलं.

सातव्या कलमाशी जोन हसली. "सात. खाली एक चक्कर." तिने कागदावर टिचकी मारली. "ही त्याची सिगारेट. मी सोडायला लावली होती ना. दर वर्षी घराखाली सरपटत जायचा आणि केसांत कोळिष्टकं घेऊन परत यायचा. म्हणे तपासणी! सोडा सात. आठ."

आम्हीही हसलो. आठ, मोऱ्यांच्या वाकड्या नळ्यांत जाडं मीठ, तिथे राहणारं पाणी गोठू नये म्हणून. केतकी मुठीमुठीने मीठ टाकत म्हणाली, "लोणचं घालतोय की घर बंद करतोय?" नऊ, सगळे नळ उघडेच ठेवा, म्हणजे चुकून थेंब राहिलाच तर त्याला फुगायला जागा मिळेल. कुलूप लावा. जा.

पंपाची शेवटची घरघर, बुचातून धो धो पाणी, परागचं गाणं, जोनचं वाचन. सगळं एकाच वेळी, जत्रेसारखं. बाराच्या सुमारास आम्ही विजयी वीरांसारखे निघालो. पराग सगळ्यात शेवटी बाहेर आला. आत काय करत होता, ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वाटेतल्या कूमा गावात पोचून एका बेकरीत बसलो. जोनपुढे मीट पाय, आमच्यापुढे पालकाचे रोल. पराग फार खुशीत होता. टिश्यूने मिशी पुसत म्हणाला, "तुम्ही लोक कमाल करता. घर तसंच टाकून निघाला होतात! मी शेवटी एक फेरी मारली म्हणून बरं. सगळे नळ घट्ट बंद करून आलोय. एकही उघडा ठेवला नाही."

मी चावता चावता थांबलो.

"आणि," पराग पुढे म्हणाला, कारण अशा वेळी त्याला कुणीच थांबवू शकत नाही, "बाहेरच्या टाकीतून दोन बादल्या भरून आत ठेवल्यात. किटली भरलीय. संडासची टाकी काठोकाठ. परत आल्या आल्या पाणी हाताशी नको का?"

हे सगळं तो इंग्रजीत बोलला, जोनच्या शाबासकीसाठी. जोनने हातातला मीट पाय बशीत ठेवला. खूप हळू.

मी त्याच्यावर ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. एवढ्यात केतकी रोलकडे बघत पुटपुटली, "मीपण एक पातेलं भरून झाकून ठेवलंय."

"केतकी!"

"अरे, सवय आहे. हात आपोआप जातो."

आणि मग मला आठवलं. टेबलावरचा काचेचा जग. निघता निघता मीच तो टाकीच्या नळाखाली धरला होता, भरला होता आणि वर बशी झाकली होती, कचरा पडू नये म्हणून.

आमच्या तिघांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकवली गेली असणार. गावाला निघायचं तर आधी पाणी भरायचं. परत येऊ तेव्हा नळाला असेल की नाही, कुणी सांगावं? आणि नळ उघडा टाकून निघणं म्हणजे तर महापातक. तुम्ही गावाला, इकडे पाणी येतं, खालच्यांच्या घरी गंगा अवतरते आणि पुढची दहा वर्षं बोलणी खावी लागतात. आम्ही तिघांनी एकमेकांना न सांगता, न विचारता, आपापल्या आईचं ऐकलं होतं. अजूनही भारतात जाताना विमानतळाची टॅक्सी दारात उभी असते आणि केतकी किंवा मी एक कळशीभर पाणी ओट्यावर ठेवतोच. इथल्या नळाने वीस वर्षांत एकदाही दगा दिलेला नाही, हे आम्हांला माहीत आहे. आमच्या हातांना नाही.

"मला वाटलं होतं," जोन शेवटी म्हणाली, "तुम्हांला पाण्याचं कळतं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त गाडीची किल्ली उचलली. परागची संध्याकाळी किचनमध्ये शिफ्ट होती. त्याने शेफला फोन लावला आणि मी तो संवाद कानांनी ऐकला आहे. "सॉरी शेफ, आज नाही जमणार. इमर्जन्सी. मी पाणी भरलं."

गाडी पुन्हा तळ्याकडे वळली. तळ्याशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. उन्हातली ऊब काढून घेतलेली, नुसता उजेड उरलेला. काठाच्या चिखलाला सकाळी नसलेला कडकपणा आला होता. आम्ही गुन्हेगारांसारखे आत शिरलो. बादल्या पालथ्या. पातेलं पालथं. जग पालथा. संडासची टाकी पुन्हा मी. आणि मग नळ, एकेक करून पुन्हा उघडायचे.

सकाळच्या जत्रेतलं काहीच आता नव्हतं. पंप मुका. पराग मुका. वारासुद्धा थांबलेला. त्या शांततेत मी कपडे धुण्याच्या खोलीतला नळ उघडला आणि तो माझ्याशी बोलला.

गुळ्‌क.

मंडळी, इथे मला दोन मिनिटं द्या. नळ ही बोलणारी वस्तू आहे आणि तिची भाषा सगळ्यांना येत नाही. ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी असतं त्यांना तर नाहीच. आमच्या धायरीच्या चाळीत शिंदेमामी पहाटे नळाला कान लावायच्या आणि सांगायच्या, "कोपऱ्यावर आलंय, पाच मिनिटं." आणि पाचव्या मिनिटाला यायचं. आधी नळ लांबून सूं करतो. मग खाकरतो. मग गुळगुळतो. मग थुंकतो. आणि मग पाणी. जाताना हेच सगळं उलट. पूर्ण कोरड्या नळीला मात्र आवाजच नसतो. तिच्यात फुंकलं तर फुंकर नुसती निघून जाते, मोकळ्या रस्त्यावरून जावी तशी. गुळ्‌क म्हणजे वाटेत पाणी आहे. यात मतभेदाला जागा नाही.

"जोन," मी ओरडलो, "इथे पाणी आहे!"

जोन दारात आली. "शक्य नाही. तो नळ सकाळपासून रिकामा आहे. आणि ती नळी रॉनने स्वतः टाकलीय."

"पराग, बाहेर जा. बुचाच्या भोकाला तळवा लाव."

पराग पळाला. आज्ञा पाळायला मिळतेय याचाच त्याला आनंद झाला होता. मी स्वयंपाकघरातल्या नळाला तोंड लावलं. हो, तोंड. पितळेची चव आणि ओठ बधिर. सगळी छाती रिकामी करून फुंकलं. बाहेरून आवाज आला, "आली! हवा आली!"

न्हाणीघरातल्या नळाला. "आली!"

कपडे धुण्याच्या खोलीतल्या नळाला. फुंकलं. गालांचे फुगे झाले. आत कुठेतरी दूर म्हैस डबक्यात उतरावी तसा आवाज झाला. बाहेर शांतता.

"पराग?"

"काही नाही रे!"

पुन्हा. पुन्हा काही नाही. जोन भिंतीतल्या त्या सांध्याकडे बघत होती, गेल्या वर्षी फुटलेल्या. तिच्या चेहऱ्यावरून सत्तर वर्षांचा सगळा कडकपणा उतरला होता. याच नळीने तिचं घर अर्धं गिळलं होतं आणि ती पुन्हा तोंडात पाणी धरून बसली होती. आम्ही दुपारी निघून गेलो ते निघूनच गेलो असतो, तर या वर्षीही तेच झालं असतं. पराग मूर्ख नसता तर घर गेलं होतं.

मग केतकी हळूच म्हणाली, "जोन, सातवं कलम काय होतं?"

"खाली एक चक्कर," जोन पुटपुटली. केतकीने कपाटातला टॉर्च घेतला, केस ओढणीने बांधले आणि बाहेर जाऊन घराखाली शिरली. परागने जायला हवं होतं, मी जायला हवं होतं, पण तिथले कोळी विषारी असतात असं आम्ही दोघांनीही वाचलं होतं आणि केतकीने बहुधा वाचलं नव्हतं.

फळ्यांखालून तिचा आवाज आला. "विन्या! इथली नळी झोळीसारखी लोंबतेय! बाकीच्या सरळ आहेत, ही एकटीच पोट सुटल्यासारखी! आणि खाली एक लाकूड पडलंय, बेचक्याचं! याचा टेकू असणार!"

मी जोनला भाषांतर करून सांगितलं. रॉनने नंतर जोडलेली ती प्लॅस्टिकची नळी मधे खाली ओघळत होती आणि त्या झोळात पाणी साचून राहत होतं. ते बुचापर्यंत कधी पोचतच नव्हतं. म्हणून रॉन दर वर्षी खाली जायचा, बेचक्याने नळी उचलून धरायचा, पाणी काढून टाकायचा. सातवं कलम.

"उचललीय!" खालून आरोळी. "फुंक!"

मी आजवर शिट्ट्या मारल्यात, शंख फुंकलाय, लेकरांच्या वाढदिवसाला चाळीस-चाळीस फुगे फुगवलेत. पण त्या संध्याकाळी त्या गार पितळेला ओठ लावून मी जी फुंकर मारली तिच्यात धायरी होती, टँकर होता, शिंदेमामी होत्या आणि सहा महिन्यांचा सगळा ट्रॉल्यांचा राग होता. डोळ्यांपुढे तारे आले. नळी एकदा ढेकरली. आणि अचानक, अगदी अचानक, समोरचा अडथळा नाहीसा झाला आणि माझी फुंकर मोकळी निघून गेली.

बाहेर परागने नशिबाने पातेलं धरलं होतं. "आलं! आलं रे आलं! दोन तांबे!" तो नाचत होता. "जोन! टू तांबेज!"

"तांब्या म्हणजे काय?" जोनने विचारलं.

परागने दोन्ही हातांनी हवेत तांब्या घडवून दाखवला. जोनने पातेल्यात पाहिलं. एवढंसं पाणी. तिचं घर एवढ्याशा पाण्यावर उभं होतं.

केतकी बाहेर आली. केसांत कोळिष्टकं, गालावर माती, आणि हातात एक गंजका बिस्किटांचा डबा. "हापण होता खाली," ती म्हणाली. जोनने झाकण उघडलं. आत सिगारेटची थोटकं, नीट विझवलेली, काठोकाठ.

जोन पायरीवर बसली. आधी तिचे खांदे हलले आणि आम्हांला वाटलं रडतेय. मग आवाज फुटला. ती हसत होती, खदाखदा, गुडघ्यावर थापा मारत. "दोन्ही! तो दोन्ही करत होता! लबाड माणूस!" आणि मग रडलीही थोडी. त्या सिगारेटच्या रागापायी तिने दोन वर्षं सातवं कलम गाळलं होतं.

मी तिच्याकडे पाहत नव्हतो. मी कोळिष्टकांतल्या केतकीकडे पाहत होतो आणि माझ्या मनात आलं, हिचं दही आता भरून द्यायला हवं.

तो हिवाळा आम्ही टूनगॅबीत काढला, पण राहायला होतो तळ्याकाठी. रोज सकाळी जोन खिडकीतून तिथल्या पाऱ्याचा आकडा सांगायची. "उणे सहा." "उणे आठ." एकदा "उणे नऊ," आणि त्या दिवशी परागने कांदासुद्धा हळू चिरला. असाइनमेंट होत्या, व्हिसाचे फॉर्म होते, नियम बदलणार, कुकरीवाल्यांचं काही खरं नाही, अशा अफवा दर आठवड्याला नव्या. त्या वर्षांतली पोरं एकमेकांना भेटली की फक्त भीती वाटून घ्यायची. आमच्या घरात मात्र भीतीला दुसरं काम होतं. केतकीने पुन्हा लावलेला टेकू टिकला असेल? दुसऱ्या कुठल्या नळीत अर्धा तांब्या राहिला असेल? स्वतःच्या भविष्याऐवजी दुसऱ्याच्या घराची काळजी करण्यात काय सुख असतं, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. झोप चांगली लागते.

ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला गेलो. शेरन तिच्या गाडीने आधीच येऊन बसली होती. पाठ ताठ, चष्मा गळ्यात, आणि टेबलावर घर विकणाऱ्या एजंटच्या कागदांची फाइल. आम्हांला तिने "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि आम्ही तिघंही नकळत रांगेत उभे राहिलो.

जोनने बूच लावलं. चावी उघडली. पंपाच्या बटणावर बोट ठेवून आमच्याकडे पाहिलं, आणि दाबलं.

पंप गुणगुणायला लागला. स्वयंपाकघरातला नळ खोकला, तांबडा थुंकला, स्वच्छ वाहू लागला. न्हाणीघरातला वाहू लागला. केतकी टॉर्च घेऊन घराखाली होती. मी कपडे धुण्याच्या खोलीत, कान नळाला लावून. सूं. खर्र. गुळगुळ. तोंडावर सपकन पाणी. आणि खालून केतकीचा आवाज, "कोरडं! सगळं कोरडं आहे!"

शेरनचा विश्वास नव्हता. तिने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी पायांनी हॉलची एकेक फळी चाचपत फिरली. टाचेने दाबून पाहिलं. वाकून भिंतीचा सांधा बोटाने पुसला आणि बोट उजेडात धरलं. जोन हनुवटी वर करून उभी होती. 

मग शेरन ओट्याशी गेली. वाहत्या नळाखाली वाकली, थेट तोंड लावलं आणि घटाघटा पाणी प्यायली, बाही भिजेपर्यंत. उठली तेव्हा चष्मा ओला, केस कपाळाला चिकटलेले. तिची नजर आतल्या खोलीच्या उघड्या दारातून पलीकडे गेली, जिथे तिचा आणि तिच्या भावाचा लहानपणचा दुमजली पलंग अजून तसाच होता. फाइलकडे तिने पाहिलंही नाही. ती पन्नाशीची मुख्याध्यापिका एकदम सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ख्रिसमसला वरचा पलंग माझा! आत्ताच सांगून ठेवतेय, कुणी मधे यायचं नाही!"